पडलेल्या अ‍ॅस्पेनच्या सालीखाली : दुर्मीळ माशीची अळी कशी शोधावी

सिरफिड माशी (इंग्रजीत होव्हरफ्लाय) म्हटलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याला मावा आठवतो. पिकावर मावा पडला की या माशीच्या अळ्या तो फस्त करतात, म्हणून तिची गणना मित्रकीटकांत होते. पण याच कुळात अशाही माश्या आहेत, ज्यांच्या अळ्या माव्याला तोंड लावत नाहीत. त्यांना लागतो पडलेल्या झाडाच्या सालीखालचा आंबलेला रस. तोही ठरावीक झाडाचा, ठरावीक जाडीच्या खोडातला आणि ठरावीक काळापुरता. ब्रिटनमधली, अ‍ॅस्पेन या पॉप्लरच्या जातीतल्या झाडावर वाढणारी अ‍ॅस्पेन होव्हरफ्लाय (शास्त्रीय नाव हामरश्मिटिया फेरुजिनिया) त्यातलीच. त्या देशात ती फक्त स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात आहे आणि तिथेही मोजक्याच ठिकाणी. एडिनबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीनला राहणाऱ्या मराठी निसर्गप्रेमींना ती शनिवार-रविवारच्या टप्प्यात येते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात यातलं काय चालतं आणि काय नाही, ते शेवटी दिलं आहे.

माशीमागे धावू नका

नवखा माणूस कॅमेरा घेऊन फुलांवर माशी शोधत बसतो. या माशीचा हंगाम मे ते जुलै. त्यातही ऊन पडलं आणि वारा थांबला तरच ती उडणार, आणि हायलँड्समध्ये असे दिवस बोटावर मोजण्याइतके. अळी मात्र बाराही महिने खोडात असते, पळून जात नाही आणि ती नेमकी कशावर जगते तेही तिथेच दिसतं. म्हणून आधी अळी, मग जमली तर माशी.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅलिसेरा रुफा या दुसऱ्या होव्हरफ्लायचं. ही माशी इतकी क्वचित दिसायची की ती अगदी संपत आली असं समजलं जाई. १९९०च्या सुमारास अभ्यासकांनी माशी सोडून स्कॉट्स पाइनच्या खोडातल्या पाणी साचलेल्या कुजक्या पोकळ्या तपासायला घेतल्या, आणि तिच्या अळ्या स्कॉटलंडमधल्या कितीतरी पाइनच्या जंगलांत मिळाल्या. माशी दुर्मीळ नव्हती, दिसत नव्हती इतकंच. अ‍ॅस्पेन होव्हरफ्लायच्या बाबतीत अळ्या शोधूनही उत्तर वेगळं आलं : ती खरोखरच थोडी आहे.

त्याचं कारण लाकडात आहे. अळीला लागतो साल आणि लाकूड यांच्यामधला ओला, कुजणारा थर. खोड साधारण २५ सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल तर हा थर पातळ राहतो आणि लवकर वाळतो. जाड खोडातही तो काही वर्षंच टिकतो. म्हणजे एक झाड पडून भागत नाही. पहिल्याचा रस आटायच्या आत जवळपास दुसरं पडायला हवं, त्यानंतर तिसरं. इतका पुरवठा सुमारे ४.५ हेक्टरपेक्षा मोठ्या अ‍ॅस्पेन-राईतच होतो, आणि स्कॉटलंडमध्ये एवढ्या राया फार थोड्या उरल्यात. अ‍ॅस्पेन तिथे बियांपेक्षा मुळांतून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी वाढतो, आणि ते कोवळे धुमारे हरणं आणि मेंढ्या खाऊन टाकतात. त्यामुळे राई जागेवर असली तरी म्हातारी होत जाते.

जागा आणि परवानगी

सुरुवात स्ट्रॅथस्पे खोऱ्यातून करा. इन्श मार्शेस या राखीव क्षेत्राच्या कडेची अ‍ॅस्पेन-राई यासाठी प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने बहुतेक सगळीकडे फिरायचा हक्क दिला आहे. पण फिरणं वेगळं आणि खोडाची साल उचलणं वेगळं. साल उचलायची तर जमीनमालकाची, राखीव क्षेत्र असेल तर तिथल्या वॉर्डनची, आधी लेखी परवानगी घ्या. कोणत्या तारखेला, किती खोडं, प्रत्येकावर किती जागा उघडणार, हे चार ओळींत लिहून पाठवलं की सहसा उत्तर येतं. कित्येकदा वॉर्डन स्वतःच सांगतो की अमुक खोड नुकतंच तपासलंय, त्याला हात लावू नका.

वेळ मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची धरा. कडाक्याच्या थंडीत साल गोठून काचेसारखी तडकते आणि परत नीट बसत नाही. ऐन उन्हाळ्यात उघडलेली जागा तासाभरात सुकते.

सोबत काय न्यावं

बोथट टोकाची पटाशी किंवा जुना लोण्याचा चाकू. धारदार हत्यार अळी कापतं. १० पट मोठं दाखवणारं भिंग. डोक्याला लावायची बॅटरी. मऊ ब्रश, शाळेतल्या रंगपेटीतला २ नंबरचा चालेल. पांढरी बशी किंवा आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण. मोजपट्टी, पेन्सिल, वही. आणि सुतळी. सुतळी निम्मे लोक विसरतात आणि मग उघडलेली साल तशीच लोंबकळत ठेवून येतात. नायलॉनची दोरी नको, ती वर्षानुवर्षं खोडाला आवळून बसते.

कपडे लांब बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली. तिथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामार्फत लाइम आजार होतो. घरी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली नीट बघा.

खोड निवडणं

खरं काम इथे आहे. इथे चुकलात तर पुढचा दिवस फुकट.

आधी झाड अ‍ॅस्पेन आहे ना, याची खात्री करा. उभ्या झाडाची ओळख सोपी असते : गोलसर पानं आणि चपटा देठ, त्यामुळे झुळूक आली की सगळी राई पिंपळासारखी सळसळते. पडलेल्या खोडावर पानं नसतात, तेव्हा सालीकडे बघायचं. अ‍ॅस्पेनची साल राखाडी आणि तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे. बर्चची साल पांढरी, कागदासारखी सुटणारी, तिच्यावरच्या रेघा आडव्या. हायलँड्समध्ये दोन्ही झाडं शेजारी शेजारी वाढतात आणि शेवाळ चढल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. शंका असेल तर शेवाळाचा नखाएवढा तुकडा बाजूला सारून सालीवर शंकरपाळी दिसते का पाहा.

मग व्यास मोजा. खोड जमिनीवर पडलेलं असताना घेर घेता येत नाही, म्हणून मोजपट्टी आडवी धरून सगळ्यात जाड जागेचा व्यास घ्या. २५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर नोंद करून पुढे व्हा.

आता खोडाची अवस्था. ही तीन तऱ्हेची असते, आणि ती ओळखायला अंगठा आणि नाक पुरेसं आहे.

ताजं खोड : साल घट्ट, अंगठ्याने दाबली तर दगडासारखी. कडेला जिथे साल फाटली असेल तिथे आतला भाग फिकट, हिरवट. वास ओल्या लाकडाचा. इथे अजून काही नाही. पुढच्या वर्षी या.

पिकलेलं खोड : साल वरून अखंड, पण दाबली की किंचित आत जाते आणि कडेने पाणी सुटतं. आतला थर तपकिरी-काळा, बुळबुळीत, साधारण काही मिलीमीटर जाड. बोटाला लागला तर उसाच्या मळीसारखा चिकटतो. वास आंबूस, शिळ्या ताडीच्या जवळचा. हेच ते. झाड पडल्यानंतर एक-दोन वर्षांनी ही अवस्था येते आणि काही वर्षांत संपते. किती वर्षांत, ते खोडाची जाडी, सावली आणि जमिनीचा ओलावा ठरवतात.

उतरलेलं खोड : साल सैल, हाताने पापुद्र्यासारखी निघते. खाली कोरडा भुसा, पांढरी बुरशी, किड्यांची बिळं. इथे दुसरे जीव असतील, ही अळी नाही.

एकाच खोडावर तिन्ही अवस्था सापडू शकतात. वरची, ऊन खाणारी बाजू उतरलेली आणि जमिनीलगतची कूस अजून पिकलेली. म्हणून वरून बघून ‘हे गेलं’ म्हणू नका, वाकून कुशीला अंगठा लावा. मात्र खोड उलटवून पाहायचं नाही. उलटवलं की ओली कूस उन्हाकडे येते आणि आठवड्याभरात आतलं सगळं घर वाळून जातं.

साल उघडणं

खोडाच्या मध्यावर घाव घालू नका. आधीच सुटलेली कड किंवा फट शोधा. तिथून पटाशी सपाट धरून आत सरकवा आणि तळहाताएवढा, म्हणजे साधारण १० गुणिले १० सेंटीमीटरचा, भाग तीन बाजूंनी मोकळा करा. चौथी, वरची बाजू तशीच जोडलेली ठेवा. ती बिजागरीसारखी राहते आणि बंद केल्यावर पावसाचं पाणी आत शिरण्याऐवजी वरून ओघळून जातं. बिजागरी खालच्या बाजूला ठेवली तर खिसा तयार होतो, त्यात पाणी साचतं आणि थर धुऊन निघतो. नवखे ही चूक हमखास करतात, कारण खाली उघडणारी साल हाताला सोयीची वाटते.

साल उचलली की लगेच काहीही खरवडू नका. बॅटरी तिरकी धरून मिनिटभर नुसतं बघा. अळी थराच्याच रंगाची असते, स्थिर असताना दिसत नाही; ती हलली की थर हलल्यासारखा वाटतो. दिसली की ब्रशने हळूच बशीत घ्या आणि त्याच थराचा थेंबभर रस सोबत ठेवा. सालीच्या आतल्या अंगालाही बघा, निम्म्या अळ्या तिथे चिकटून वर येतात.

एका खोडावर तीनपेक्षा जास्त जागा उघडायच्या नाहीत. पहिल्याच जागी अळी मिळाली तर तिथेच थांबा. ‘एकूण किती आहेत’ हे जाणून घेण्यासाठी सगळी साल सोलणाऱ्याने मोजलेल्या प्रत्येक अळीचं घर मोडलेलं असतं.

मागचं टोक बघा

बशीतल्या अळीचा फोटो काढताना सगळे तोंडाकडे कॅमेरा नेतात. माशीच्या अळीची ओळख मात्र मागच्या टोकाला असते.

सगळ्यात आधी पाय बघा. छातीखाली सांध्यांचे सहा पाय असतील तर ती भुंगेऱ्याची अळी. चपटी, पिवळसर, मागे दोन शिंगं असलेली अळी अशा सालीखाली पुष्कळ मिळते आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला ती काहीतरी विशेष वाटते. तिला सहा पाय आहेत, बाजूला ठेवा. माशीच्या अळीला सांध्यांचे पाय कधीच नसतात.

पाय नसले तर भिंग मागच्या टोकावर न्या. होव्हरफ्लायच्या अळीला तिथे एकच कडक, तपकिरी, चकचकीत नळी असते. ही तिची श्वासनळी. अंग रसात बुडालेलं असलं तरी नळीचं टोक हवेत ठेवून ती श्वास घेते. ती मुळात दोन नळ्या जोडून झालेली आहे. टोक समोरून पाहिलं तर शर्टाच्या बटणाच्या दोन भोकांसारख्या दोन चकत्या शेजारी दिसतात. नळी एकच आणि कडक असेल तर कूळ नक्की झालं. जात ठरवायला त्या टोकाचा समोरून आणि संपूर्ण अळीचा बाजूने, असे दोन स्वच्छ फोटो लागतात. खाली मोजपट्टीचे मिलीमीटर दिसले पाहिजेत.

इतर पाहुणेही लक्षात ठेवा. डोकं शंकूसारखं टोकदार व कडक आणि मागे कडक पट्टीवर दोन आकडे असतील तर ती झायलोफेगस माशीची शिकारी अळी. चपटी, चामड्यासारख्या कडक कातडीची, ढिम्म बसून राहणारी अळी असेल तर सोल्जर फ्लाय. बशीतून टुणकन उडाली तर क्लुसिइडी कुळातली असण्याची शक्यता मोठी. त्या अंगाची कमान करून उडी मारतात. यातल्याही काही दुर्मीळ आहेत. होमालोसेफाला बायुंब्राटा आणि स्ट्राँगायलोफ्थाल्मिया उस्ट्युलाटा या दोन छोट्या माश्याही मेलेल्या अ‍ॅस्पेनच्या सालीखालीच वाढतात. तेव्हा ‘आपली नव्हे’ म्हणून फोटो न काढता सोडू नका.

रिकामा कोषही मोलाचा आहे. होव्हरफ्लायची अळी कोषात जाताना शेवटची कातडी टाकत नाही, तीच वाळून कोषाचं कवच होते आणि श्वासनळी त्यावर तशीच राहते. माशी कधीच उडून गेली असली तरी त्या नळीवरून ओळख पटते. जिवंत अळीला हात न लावता मिळणारा पुरावा म्हणून जाणकार आधी कोषच शोधतात.

बंद करणं आणि नोंद

अळी जिथून घेतली तिथेच, त्याच ओलाव्यात परत ठेवा. साल मिटवून तळहाताने दाबा, हवा निघाली पाहिजे. सुतळीचा एक वेढा पुरतो. ती वर्षभरात कुजून गळून पडते. खिळे नकोत.

खोडाजवळ बसूनच लिहा : तारीख, मोबाइलवरून घेतलेलं नेमकं ठिकाण, झाड, खोडाचा व्यास आणि लांबी, सावली की ऊन, जमिनीला किती टेकलंय, सालीचा अंदाजे किती भाग शिल्लक आहे, थराचा ओलावा आणि जाडी, किती जागा उघडल्या, किती अळ्या मिळाल्या. शून्य मिळाल्या तर शून्य लिहा. ‘४० सेंटीमीटरचं खोड, थर ओला, अळी नाही’ ही नोंद राईबद्दल बरंच सांगते. नोंदी आयरेकॉर्ड या निसर्गनोंदींच्या ब्रिटिश संकेतस्थळावर टाका, तिथून त्या होव्हरफ्लाय रेकॉर्डिंग स्कीमच्या तज्ज्ञांपर्यंत पोचतात.

अळी घरी नेऊन वाढवण्याचा मोह आवरा. बरणीत झाकण घट्ट लावलं तर बुरशी चढते, सैल ठेवलं तर थर वाळतो, आणि घरातल्या उबेने माशी अवेळी बाहेर येते. सामान्य जातींवर हात बसवा; दुर्मीळ जात वाढवणं हे परवानगी असलेल्या प्रकल्पाचं काम.

जून महिन्यात

माशी बघायची तर अळ्या मिळालेल्या खोडाजवळच बसा. शांत, उन्हाचा दिवस, सकाळी दहानंतर. नारिंगी-तपकिरी रंगाचे नर खोडावर येऊन बसतात आणि दुसरा नर आला की त्याला पिटाळतात. तुमची सावली खोडावर पडू देऊ नका. बर्ड चेरी, रोवन, हॉथॉर्न फुलले असतील तर त्या फुलांवरही नजर ठेवा. खुणा करून सोडलेल्या माश्यांच्या अभ्यासात काही माश्या ५ किलोमीटरपर्यंत गेल्याचं दिसलं आहे. म्हणून एका राईपासून तेवढ्या अंतरात कुठे अ‍ॅस्पेन पडलंय हे नकाशावर मांडून ठेवणं उपयोगाचं.

झाड तुमच्याच जागेत पडलं तर

वाटेत आलेलं खोड हटवावं लागतंच, पण त्याच्या ढलप्या करू नका. कापलेल्या प्रत्येक तोंडातून ओलावा निघतो. एक मीटरच्या चार तुकड्यांना आठ तोंडं, चार मीटरच्या ओंडक्याला दोन. शक्य तितका लांब ठेवून सावलीत ओढा आणि पूर्ण लांबी जमिनीला टेकेल असा ठेवा. साल खरचटू नये म्हणून ओढताना खाली फांद्या घाला. ढीग रचू नका, वरची खोडं सुकतात.

पाइनची बहीण

याच भागात आणखी एक दुर्मीळ होव्हरफ्लाय आहे, ब्लेरा फॅलॅक्स : काळी, पोटाचं टोक तांबूस. तिच्या अळ्या सालीखाली नसतात, त्या स्कॉट्स पाइनच्या मोठ्या बुंध्यांत, बुरशीने मऊ झालेल्या गाभ्यात साचलेल्या पाण्यात राहतात. अशा बुंध्यांचा तुटवडा झाल्यावर ती ब्रिटनमध्ये जवळपास संपली. उपाय म्हणून तोडलेल्या बुंध्यांत करवतीने खड्डे करून, त्यांत पाइनचा भुसा आणि पाणी भरून कृत्रिम पोकळ्या केल्या गेल्या. हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये अळ्या वाढवून हायलँड्समधल्या केर्नगॉर्म्स डोंगराळ भागातल्या जंगलात सोडल्या, आणि २०२२ साली जवळपास दहा वर्षांनी तिथे मोकळी उडणारी माशी दिसली. या बुंध्यांवर कुतूहलाने काडी घालू नका. झाकण ठेवलेला बुंधा दिसला तर तो कुणाच्या तरी वहीत नोंदलेला आहे असं समजा.

महाराष्ट्रात

इथे अ‍ॅस्पेन नाही, ही माशीही नाही. पण पद्धत शिकायला पांगारा, सावर, उंबर अशी मऊ लाकडाची, लवकर कुजणारी झाडं उत्तम. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, पडलेल्या सावरीची कूस दाबून पाहा. ताजं, पिकलेलं, उतरलेलं या तिन्ही अवस्था तिथेही तशाच ओळखता येतात. फरक वेळेचा. आपल्या उष्णतेत आणि पावसात सगळं झपाट्याने होतं, म्हणून खोड दर पंधरा दिवसांनी बघा.

सालीखाली हात घालण्याआधी पटाशीने ती उचलून दूरच उभे राहा. इथे विंचू आणि घोण त्याच फटीत असतात, कधी फुरसंही. अभयारण्यात किंवा राखीव वनात वनविभागाच्या परवानगीशिवाय साल उचलू नका, आणि देवराईत तर गावाला विचारल्याशिवाय काडीही हलवायची नाही. पडलेलं लाकूडही तिथे देवाचं असतं.

घरी सरावासाठी परदेशात बादलीत पाणी आणि पाला भरून होव्हरफ्लायच्या अळ्या वाढवतात. आपल्याकडे ती बादली आठवड्यात डासांची होईल. तसं करायचंच असेल तर मोकळं पाणी वर दिसू देऊ नका. भुसा पाण्याच्या पातळीच्या दोन बोटं वर येईल इतका भरा, तोंडाला अर्धा सेंटीमीटर भोकांची जाळी लावा म्हणजे माशीला आत जाता येईल, आणि दर तीन दिवसांनी वरचा थर दाबून पाणी वर येतंय का बघा. येत असेल तर आणखी भुसा टाका. डासाच्या अळ्या दिसल्याच तर सगळं कोरड्या मातीवर ओता, नाल्यात नाही.